लडाखला सासूबाईंना नेताय? गोळ्यांच्या आधी मुक्काम बदला

प्रश्न: आम्ही नाशिकला राहतो. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात मी, माझे पती (वय ४२), मुलगा (वय ९, वजन २७ किलो) आणि सासूबाई (वय ६७) असे चौघे लडाखला निघालो आहोत. सासूबाईंना बीपी आणि डायबेटिस आहे. बीपीसाठी टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारं औषध अशी एकत्र गोळी, शुगरसाठी मेटफॉर्मिन आणि डापाग्लिफ्लोझिन चालू आहे. दोन्ही आटोक्यात आहे. कार्यक्रम असा: रात्र दिल्ली विमानतळावर काढून पहाटेच्या विमानाने लेह, त्याच दुपारी शांती स्तूप आणि बाजार. दुसऱ्या दिवशी खारदुंग ला ही खिंड ओलांडून नुब्रा, तिसऱ्या दिवशी पँगाँगला तंबूत मुक्काम, चौथ्या दिवशी लेह, पाचवा दिवस आसपास, सहाव्या दिवशी परत. पती रोज जिमला जातात, त्यांच्या मते एवढं घाबरण्यासारखं काही नाही. ओळखीतले कुणी कापूर सांगतं, कुणी कोका, कुणी डायमॉक्स. सासूबाईंना न्यावं का? आणि तिथे आजारी पडू नये म्हणून नेमकं काय करावं?

उत्तर:

ताई, डॉक्टरांनी तपासून हरकत नाही म्हटलं तर सासूबाईंना जरूर न्या. बीपी आणि शुगर आटोक्यात असलेली माणसं लेहला जाऊन सुखरूप परत येतात. पण तुम्ही लिहिलेल्या कार्यक्रमाप्रमाणे त्यांना नेऊ नका. खरं तर या कार्यक्रमाने तुमच्यापैकी कुणीच जाऊ नये. औषधांचं पुढे सांगतोच, पण लडाखमध्ये तब्येत बिघडण्याचं मुख्य कारण औषध विसरणं हे नसतं, चुकीच्या रात्री चुकीच्या उंचीवर झोपणं हे असतं.

नाशिक साधारण २,००० फुटांवर, दिल्ली ७०० फुटांवर आणि लेह ११,५०० फुटांवर. आपलं कळसूबाई ५,४०० फूट, म्हणजे लेहच्या निम्म्यालाही पोचत नाही. लेहच्या हवेतही ऑक्सिजन २१ टक्केच असतो, पण हवेचा दाब समुद्रसपाटीच्या मानाने सुमारे ६५ टक्के उरतो, त्यामुळे प्रत्येक श्वासात मिळणारा ऑक्सिजन त्याच प्रमाणात घटतो. खारदुंग ला वर तो जवळपास निम्मा होतो. शरीर यावर तोडगा काढतं: श्वास वाढतो, मग मूत्रपिंडं रक्ताचा समतोल पुन्हा बसवतात. या जुळणीला दोन-तीन दिवस लागतात आणि ते दिवस कुठल्याही व्यायामाने किंवा गोळीने पूर्णपणे वाचवता येत नाहीत. झोपेत श्वास मंदावतो, ऑक्सिजन आणखी खाली जातो. म्हणून दिवसा कितीही उंच जाऊन आलात तरी रात्री कुठे झोपता याला जास्त महत्त्व.

१०,००० फुटांच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका रात्रीत दीड हजार फुटांपेक्षा जास्त वाढवू नये, असा डॉक्टर आणि गिर्यारोहक दोघांचाही दंडक आहे. विमानाने लेहला उतरणारा प्रत्येक माणूस तो पहिल्याच दिवशी मोडतो. तुमच्या कार्यक्रमात त्यावर दोन चुका चढल्या आहेत. उतरल्यापासून जेमतेम चोवीस-तीस तासांत १७,५८२ फुटांची खिंड ओलांडायची आहे, आणि तिसऱ्या रात्री १०,००० फुटांच्या नुब्रामधून थेट १४,००० फुटांवर पँगाँगला झोपायचं आहे. एका दिवसात चार हजार फूट.

पँगाँगच्या मुक्कामाची खरी अडचण तर वेगळीच आहे. उंचीचा आजार झाला की पहिला उपाय खाली उतरणं. पण पँगाँगहून लेहला यायचं तर आधी चांग ला ही खिंड चढावी लागते आणि तीही साडेसतरा हजार फुटांवर आहे. म्हणजे रात्री दोन वाजता कुणाला धाप लागली, तर त्या माणसाला आधी आणखी तीन हजार फूट वर न्यायचं, मग खाली. श्योक नदीच्या कडेने नुब्राकडे उतरणारा रस्ता खिंड टाळतो, पण तो लांबचा आहे आणि उन्हाळ्यात बर्फाचं पाणी वाढलं की जागोजागी तुटतो. सहा दिवसांच्या सहलीत सदुसष्ट वर्षांच्या बाईंना तिथे रात्री ठेवायचं नाही, हे आमचं स्पष्ट मत आहे. तळं कितीही देखणं असलं तरी.

तुमच्याच सहा दिवसांत बसेल असा बदल सांगतो. आदल्या संध्याकाळी दिल्लीला पोचा आणि विमानतळाजवळ खोली घेऊन झोपा. रात्रभर खुर्चीत अवघडून पहाटे विमानात बसलेला माणूस लेहला उतरतो तेव्हा आधीच दमलेला असतो, डोकं दुखतं ते जागरणाने की उंचीने हे मग कळत नाही. लेहला उतरल्यावर हॉटेलात न जाता गाडीने सरळ नीमूला जा. सिंधू आणि झंस्कार यांचा संगम आहे तिथलं हे गाव, लेहपासून पस्तीसेक किलोमीटरवर, पण उंची सुमारे १०,३०० फूट, म्हणजे लेहपेक्षा हजारावर फूट खाली. पहिल्या दोन रात्री तिथे काढा. तिसऱ्या दिवशी सकाळी गाडीने अल्चीचा जुना मठ पाहा, तोही जवळपास त्याच उंचीवर आहे, आणि संध्याकाळी लेहला मुक्कामाला या. चौथ्या दिवशी खारदुंग ला मार्गे नुब्रा, रात्र हुंडर किंवा दिस्कितला. दिस्कितला सरकारी रुग्णालय आहे आणि गावाची उंची लेहहून कमी, त्यामुळे नुब्राचा मुक्काम तसा सोयीचा. पाचव्या दिवशी लेह, सहाव्या दिवशी विमान.

पँगाँग यात बसत नाही. दोन दिवस वाढवता आले तर सातव्या दिवशी लेहहून पहाटे निघून रात्रीपर्यंत परत, असं तुम्ही, पती आणि मुलगा यांच्यापैकी दोघे जाऊ शकता. जाऊन-येऊन दहा-बारा तासांचा प्रवास आहे. सासूबाईंनी लेहलाच थांबावं आणि घरातल्या एकाने त्यांच्यासोबत.

खिंडीत पंधरा-वीस मिनिटांपेक्षा जास्त थांबू नका. मुलाला बर्फ दिसला की तो पळणार, त्याला हाताशी धरा. फोटो, लघवी, परत गाडीत. चहाच्या रांगेत अर्धा तास उभं राहायची ती जागा नाही.

आता पहिले अठ्ठेचाळीस तास. उतरल्या दिवशी बरं वाटतं, अगदी छान वाटतं, आणि इथेच लोक फसतात. डोकेदुखी बहुधा सहा ते बारा तासांनी, म्हणजे संध्याकाळी किंवा रात्री सुरू होते. म्हणून दुपारी बरं वाटतंय तरी शांती स्तूपाच्या पायऱ्या नाहीत, बॅगा उचलून जिने चढणं नाही, पोराला खांद्यावर घेणं नाही. खोलीत, अंगणात, उन्हात बसा. दिवसभर नुसतं अंथरुणात पडून राहायचीही गरज नाही, सपाटीवर सावकाश फिरलं तर चालतं. पहिल्या दिवशी कडकडीत गरम पाण्याची लांब अंघोळ टाळा, चक्कर येते. जेवण थोडं थोडं आणि हलकं: मऊ भात-मेतकूट, वरण-भात, थुक्पा (तिथलं नूडल्सचं सूप), खिचडी. भूक कमी होते, तळलेलं पोटात तसंच बसून राहतं. चिवडा-शंकरपाळ्यांचे डबे तिसऱ्या दिवसानंतर उघडा. दारू आणि झोपेच्या गोळ्या पूर्ण बंद, कारण दोन्हींनी झोपेतला श्वास आणखी मंदावतो. पाणी दिवसाला अडीच-तीन लिटर. लघवी फिकट पिवळी असली की पुरे. पाच-सहा लिटर रिचवल्याने उंचीचा आजार टळत नाही, उलट रक्तातलं मीठ पातळ होऊन डोकं दुखतं आणि मळमळतं.

डायमॉक्स, म्हणजे ॲसिटाझोलामाइड, हे या कामाचं तपासलेलं औषध आहे. ते लक्षणं झाकत नाही, शरीराची जुळणी लवकर घडवतं. मोठ्यांसाठी १२५ मिलिग्रॅम सकाळी आणि १२५ संध्याकाळी. दुकानात बहुतेक २५० ची गोळी मिळते, म्हणजे अर्धी-अर्धी. लेहच्या विमानाच्या आदल्या दिवशी सुरू करायची आणि पोचल्यावर निदान दोन दिवस चालू ठेवायची. मुलांना वजनाप्रमाणे, किलोला अडीच मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. तुमच्या मुलाच्या २७ किलोला ते ६७ मिलिग्रॅमच्या आसपास येतं, म्हणजे २५० च्या गोळीचा पाव भाग. पण द्यायची की नाही हे तुमच्या बालरोगतज्ज्ञांनीच ठरवावं. बोटांना, ओठांना मुंग्या येतील, लघवीला वारंवार जावं लागेल, सोडा किंवा कोल्ड्रिंक बेचव लागेल. हे अपेक्षित आहे, घाबरून बंद करू नका. सल्फाच्या औषधाने कधी अंगावर पुरळ किंवा सूज आली असेल, किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. पती आणि तुम्ही घेणार असाल तर निघण्याच्या दोन आठवडे आधी घरी दोन दिवस घेऊन पाहा. ॲलर्जी नाशिकला कळलेली बरी.

सासूबाईंचं मात्र वेगळं आहे. त्यांच्या बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध आधीच आहे. त्यात डायमॉक्स मिळालं की शरीरातलं पाणी आणि पोटॅशियम दोन्ही जास्त जातं, उभं राहताना चक्कर येते, पाय वळतात. डापाग्लिफ्लोझिनही लघवीवाटे साखर आणि पाणी बाहेर टाकतं. खाणं कमी झालं, उलट्या झाल्या, की या औषधावर शुगर फार न वाढताही रक्तात आम्ल साठू शकतं. डायमॉक्स रक्त आम्लाकडेच झुकवतं आणि मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनीही शरीर कोरडं पडू देणं बरं नाही. अशा वेळची लक्षणं काय? मळमळ, थकवा, जोरजोरात श्वास. ही उंचीच्या आजारासारखीच दिसतात आणि गफलत होते.

म्हणून निघण्याच्या किमान तीन आठवडे आधी त्यांच्या फिजिशियनकडे जा. सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणि हा बदललेला कार्यक्रम, मुक्कामांच्या उंचीसकट, त्यांच्यासमोर ठेवा. तीन गोष्टी विचारा: सहलीपुरती लघवीच्या औषधाशिवायची गोळी चालेल का, डापाग्लिफ्लोझिन काही दिवस थांबवून दुसरं द्यावं का, आणि डायमॉक्स द्यायचंच का. हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन, पोटॅशियम, तीन महिन्यांची शुगर आणि ईसीजी करून घ्या. अलीकडे हार्ट ॲटॅक येऊन गेला असेल, दोन जिने चढताना छातीत दाब किंवा धाप येत असेल, दमा आटोक्यात नसेल, फुप्फुसांचा दुसरा जुना आजार असेल किंवा बीपी गोळ्यांवरही चढं राहत असेल, तर सहलच रद्द करणं योग्य. डॉक्टरांनी डायमॉक्स नको म्हटलं तरी निराश होऊ नका, नीमूच्या दोन रात्री त्यासाठीच आहेत. कुठलीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. उंचीवर पहिले काही दिवस बीपी थोडं वाढतं. मशीन सोबत न्या, सकाळ-संध्याकाळ मोजा, नोंद ठेवा. शुगर मोजताना मशीन आणि पट्ट्या गारठलेल्या नसाव्यात, थंडीत आकडा चुकतो किंवा मशीन चालतच नाही; ती पिशवी अंगाशी ठेवा. ज्या वाचकांच्या घरी इन्सुलिन आहे त्यांनी ते विमानात हातातल्या बॅगेतच न्यावं आणि रात्री गाडीत विसरू नये. गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी वापरायचं नसतं.

तुमच्या पतींना हे नक्की वाचायला द्या: जिमने फुप्फुसं आणि स्नायू चांगले होतात, उंचीशी होणारी जुळणी लवकर होत नाही. तगडी, तरुण माणसं अनेकदा जास्त आजारी पडतात, कारण पहिल्या दिवशी ती जास्त धावपळ करतात आणि डोकं दुखतंय हे कबूल करायला उशीर लावतात. घरात एक नियम करा. लेहमध्ये कुणाचंही डोकं दुखलं की ते लगेच सांगायचं, आणि उलट सिद्ध होईपर्यंत तो उंचीचाच आजार धरायचा.

नुसती डोकेदुखी, थोडी मळमळ, झोप उडणं, थकवा: हा साधा प्रकार. वर जायचं नाही, विश्रांती, मोठ्यांना पॅरासिटामॉल ५०० किंवा ६५०, मुलाला बालरोगतज्ज्ञांनी लिहून दिलेल्या मात्रेत. सासूबाईंना ब्रुफेनसारखी गोळी नको, बीपी आणि मूत्रपिंडांवर ताण येतो. एक-दोन दिवसांत उतार पडतो. पूर्ण बरं वाटेपर्यंत खिंड ओलांडायची नाही, बुकिंग गेलं तरी.

दोन प्रकार जिवावर बेततात. बसल्या जागी धाप लागणं, आडवं झालं की जास्त होणं, कोरडा खोकला वाढत जाणं, ओठ निळसर, थुंकीला गुलाबी फेस: फुप्फुसात पाणी भरतंय. हे बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या रात्री सुरू होतं. दुसरा प्रकार मेंदूला सूज: बोलणं विसंगत, माणूस विचित्र वागतो, तोल जातो. शंका आली तर जमिनीवर सरळ रेषेत, एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या बोटांना लावत दहा पावलं चालायला सांगा. दारू न घेतलेल्या माणसाला हे जमत नसेल तर सकाळची वाट पाहायची नाही. ताबडतोब रुग्णालय आणि ऑक्सिजन, आणि जमेल तितकं खाली. लेहमधलं सोनम नोर्बू मेमोरियल रुग्णालय हे सरकारी आहे आणि उंचीचे आजार तिथे रोजचेच आहेत. मुलाच्या बाबतीत एक जास्तीची काळजी: निघण्याआधीच्या आठवड्यात त्याला ताप-खोकला झाला असेल तर फुप्फुसात पाणी होण्याचा धोका वाढतो. तो पूर्ण बरा नसेल तर तिकीट पुढे ढकला.

बोटाला लावायचं ऑक्सिमीटर न्या, पण आकड्याच्या मागे लागू नका. लेहला पहिल्या दिवशी ८५ ते ९२ आकडा अनेकांचा येतो. नाशिकला तो दिसला तर आपण दवाखान्यात धावू, तिथे माणूस ठीक असेल तर चालतो. बोटं गरम करून, नेलपॉलिश काढून, पाच मिनिटं बसल्यावर मोजा. एकाचा आकडा बाकीच्यांपेक्षा बराच खाली राहिला, किंवा बसल्या जागी ८० च्या खाली गेला, तर डॉक्टरांना दाखवा. आकडा चांगला आहे पण माणूस बडबडतोय, तर आकडा बाजूला ठेवा. बाजारात मिळणाऱ्या ऑक्सिजनच्या डब्यांवर विसंबू नका. दहा लिटरचा डबा मिनिटाला दोन लिटरने सोडला तर पाच मिनिटांत संपतो आणि आजार होता तिथेच राहतो.

कापराच्या वासाने नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, रक्तातला ऑक्सिजन वाढत नाही. मुलाच्या हातात कापराची पुडी देऊ नका, पोटात गेला तर विषारी आहे. होमिओपॅथीच्या कोका गोळ्यांनी उंचीचा आजार टळतो याला आधार नाही. त्या घेतल्या म्हणून कुणी दुसऱ्या दिवशी खिंड चढत असेल तर नुकसान तिथे होतं.

पोटाचं बिघडणं बहुतेक वेळा दिल्लीत सुरू होतं आणि लेहला उगवतं. मे महिन्यात दिल्लीत कापलेली फळं, उसाचा रस, बर्फ घातलेलं काहीही नको. लेहला पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं, म्हणून तिथे वरण कुकरशिवाय शिजत नाही आणि पिण्याचं पाणी खळखळून उकळी आल्यावर तीन मिनिटं उकळावं लागतं. हॉटेलात थर्मास भरून घ्या. ओआरएसची आठ-दहा पाकिटं न्या. एक लिटरचं अख्खं पाकीट एक लिटर पाण्यात, ग्लासभर पाण्यात अंदाजाने चिमूट टाकणं चूक, मीठ जास्त होऊन त्रास वाढतो. जुलाब होत असताना डायबेटिस असलेल्यांनीही ओआरएस घ्यावं. सासूबाईंना उलट्या-जुलाब सुरू झाले तर डापाग्लिफ्लोझिन आणि मेटफॉर्मिनबद्दल त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. जुलाब थांबवणारी लोपेरामाइड गोळी मुलाला देऊ नका. मोठ्यांनीही ताप किंवा रक्त असेल तर नाही.

ऊन थंड हवेत जाणवत नाही, पण अतिनील किरण दर हजार मीटरला साधारण दहा टक्क्यांनी वाढतात. ३० च्या वरचं सनस्क्रीन दर दोन तासांनी, मुलासकट सगळ्यांना चांगला गॉगल, ओठांना व्हॅसलीन. नाकातही आतून बोटाने थोडंसं लावा, कोरड्या हवेने घोळणा फुटतो.

एक धोका उंचीशी संबंध नसलेला, पण तिथे हमखास भेटणारा. बंद खोलीत किंवा तंबूत बुखारी (खोली गरम करायची तिथली शेगडी), कोळशाची शेगडी किंवा गॅसचा हीटर पेटवून झोपू नका. बाथरूममध्ये गॅसचा गीझर असेल तर खिडकी उघडी ठेवूनच अंघोळ. कार्बन मोनॉक्साइडनेही डोकं दुखतं आणि मळमळतं, वास काहीच येत नाही. खोलीतल्या सगळ्यांचं डोकं एकदम दुखायला लागलं तर उंचीचा विचार नंतर, आधी सगळ्यांना बाहेर मोकळ्या हवेत काढा.

या आठवड्यात सहल कंपनीला फोन करा. पहिल्या दोन रात्री नीमू आणि पँगाँगचा तंबू रद्द, हे लेखी घ्या. गाडीत मास्क आणि प्रवाह मोजणारं मीटर असलेला ऑक्सिजनचा मोठा सिलिंडर असेल का ते विचारा, डबा नको. कुणाला त्रास झाला तर गाडी परत फिरवायचा निर्णय तुमचा असेल हे चालकाला आधीच सांगायला लावा. बाहेरच्या राज्यातली प्रीपेड सिमकार्डं लडाखमध्ये चालत नाहीत, म्हणून दोघांपैकी एकाकडे तरी पोस्टपेड हवं. प्रवास विमा घेत असाल तर त्यात उंचीची मर्यादा आणि आधीपासूनचे आजार याबद्दलची कलमं वाचा. सासूबाईंचे दोन्ही आजार अर्जात लिहा, लपवलेत तर दावा नाकारला जातो.